विश्लेषण : बेशिस्त चालकाला सवलत, पूरग्रस्ताला भुर्दंड? गाडीच्या विम्याचे गणित काय?

२०२४ च्या अखेरीस रेवदंड्याच्या किनाऱ्यावर वाळूत रुतलेली फेरारी बैलगाडीने ओढून काढल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. रायगडच्या किनारपट्टीवरील रहिवाशांना त्यात नवल वाटले ते फक्त गाडीच्या किमतीचे. अलिबाग, नागाव, काशीद, हरिहरेश्वर येथे वाळूत किंवा भरतीच्या पाण्यात अडकलेली पर्यटकांची गाडी आणि ती काढायला धावलेले गावकरी हे दृश्य त्यांच्या ओळखीचे आहे. पुढचा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. अशी बेफिकिरी करणाऱ्यांना पुढच्या वर्षी गाडीचा विमा महाग पडतो का? आपल्याकडे याचे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असेच आहे. महाडच्या पुरात दारात उभी असलेली ज्याची गाडी बुडाली, त्याला मात्र तो हमखास महाग पडतो. असे का होते?

विम्याच्या हप्त्यात काय काय असते?

गाडीच्या सर्वसमावेशक विम्याचे दोन मुख्य भाग असतात. पहिला ‘थर्ड पार्टी’, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचा जीव गेला, तो जखमी झाला किंवा त्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले तर द्यायच्या भरपाईचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार हा विमा सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या वेळी दोन हजार, दुसऱ्या वेळी चार हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. याचे दर सरकार ठरवते. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकानुसार एक हजार सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, एक हजार ते दीड हजार सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यावरील इंजिनाला ७,८९७ रुपये पडतात. वीस वर्षे एकही अपघात न केलेला आणि वर्षात तीन अपघात केलेला, दोघांनाही हाच दर.

दुसरा भाग ‘ओन डॅमेज’, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. अपघात, चोरी, आग, पूर, वादळ हे सगळे यात येते. या भागाचे दर २००७ पासून कंपन्यांवर सोपवण्यात आले. गाडीचे विमामूल्य, वय, इंजिनाची क्षमता आणि नोंदणीचे ठिकाण यांवर तो ठरतो. मुंबई आणि पुण्यासह आठ मोठी शहरे ‘अ’ विभागात, तर उर्वरित देश ‘ब’ विभागात अशी जुन्या दरपत्रकाची विभागणी होती. त्यानुसार पेणच्या एमएच-०६ नोंदणीच्या गाडीला मुंबईच्या गाडीपेक्षा किंचित कमी दर होता. चालकाच्या वागणुकीचा संबंध आला तर तो याच भागात येतो आणि तोही एका आडवाटेने. ती आडवाट म्हणजे ‘नो क्लेम बोनस’.

नो क्लेम बोनस कसा मिळतो आणि कधी जातो?

वर्षभरात एकही दावा केला नाही, तर पुढच्या नूतनीकरणात ओन डॅमेजच्या हप्त्यावर २० टक्के सूट मिळते. सलग दुसऱ्या वर्षी ती २५, तिसऱ्या वर्षी ३५, चौथ्या वर्षी ४५ आणि पाचव्या वर्षी ५० टक्के होते. थर्ड पार्टीच्या हप्त्यावर ही सूट नसते. एक दावा केला की सूट थेट शून्यावर येते आणि शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावी लागते. मुदत संपल्यानंतर ९० दिवसांत नूतनीकरण केले नाही, तरीही ती जाते.

ही सूट दावा न केल्याबद्दल आहे, नीट चालवल्याबद्दल नाही. दाव्याचे कारण काय, चूक कोणाची, हे ती पाहत नाही. वडखळजवळ मागून ट्रकने धडक दिली, वादळात झाड पडले, दारू पिऊन नव्हे तर पावसात घसरून गाडी कठड्याला लागली, सर्वांना एकच नियम.

एका दाव्याची खरी किंमत किती?

एक उदाहरण घेऊ. सूट धरण्यापूर्वी गाडीचा ओन डॅमेजचा हप्ता १२ हजार रुपये आहे आणि मालकाला ५० टक्के सूट मिळते, म्हणजे तो सहा हजार भरतो. या वर्षी त्याने दावा केला. पुढच्या पाच वर्षांत त्याची सूट अनुक्रमे ०, २०, २५, ३५ आणि ४५ टक्के राहील. दावा नसता तर ती दरवर्षी ५० टक्केच असती. गमावलेली सूट अशी : ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के, एकूण १२५ टक्के. बारा हजारांच्या १२५ टक्के म्हणजे १५ हजार रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १७,७०० रुपये. गाडीचे मूल्य दरवर्षी घटत असल्याने प्रत्यक्ष आकडा काहीसा कमी भरेल, पण अंदाजासाठी हे गणित पुरेसे आहे.

आता बंपरचे बिल १४ हजारांचे आले असे समजू. प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो आणि दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक दाव्यात किमान एक हजार रुपये स्वतः सोसावे लागतात. हाती आठ-नऊ हजारही मुश्किलीने येतात आणि त्यासाठी पंधरा-सतरा हजारांची सूट जाते. अशा वेळी दावा न करणेच शहाणपणाचे. वर्षाला दोन-तीन दावे करणाऱ्याला कंपनी पुढे आपल्या दरातली सवलतही कमी करू शकते. अशा ग्राहकाला नूतनीकरणाची रक्कम पाहून धक्का बसतो तो यामुळे.

मग बेशिस्त चालकाचे काय?

मुंबई-गोवा महामार्गावर कोलाड ते माणगाव दरम्यान चुकीच्या बाजूने ओव्हरटेक करणारा, वेगमर्यादा मोडणारा, मोबाइलवर बोलत चालवणारा, ज्याच्या नावावर ई-चलनांची रांग आहे असा मालक दावा करत नसेल, तर त्याला दरवर्षी वाढीव सूट मिळत राहते. ई-चलन पोलिसांकडे जाते, विम्याच्या हप्त्यापर्यंत पोहोचत नाही.

याहून गंभीर बाब पुढे आहे. नो क्लेम बोनस फक्त ओन डॅमेजशी जोडलेला असल्याने थर्ड पार्टीचा दावा सामान्यतः त्याला धक्का लावत नाही. गाडीने पादचाऱ्याला उडवले आणि त्याच्या कुटुंबाने अलिबागच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागितली, पण मालकाने स्वतःच्या गाडीसाठी काही मागितले नाही, तर त्याची सूट शाबूत राहू शकते.

पूर आणि वादळग्रस्तांना नेमका काय फटका बसतो?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळ्यात घरे, बागा आणि उभी वाहने झाडांखाली सापडली. पुढच्याच वर्षी २२ जुलै २०२१ ला सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडाले. ज्यांच्याकडे फक्त थर्ड पार्टी विमा असतो, त्यांना अशा नुकसानीत स्वतःच्या गाडीसाठी काहीच मिळत नाही. सर्वसमावेशक विमा असलेल्यांना भरपाई मिळते, पण दाव्याबरोबर जमवलेली सूट जाते.

त्यात आणखी एक खाचखळगा आहे. पाणी ओसरल्यावर घाईने चावी फिरवली आणि इंजिनात शिरलेल्या पाण्यामुळे ते बिघडले, तर कंपनी ते पुरापेक्षा नंतरच्या कृतीचे नुकसान मानते आणि भरपाई नाकारू शकते. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जोड संरक्षण वेगळे घ्यावे लागते. बुडालेली गाडी सुरू न करता ओढून गॅरेजला नेणे, हा यावरचा साधा उपाय.

वाहतूक नियमभंग हप्त्याला जोडण्याचा प्रस्ताव काय होता?

विमा नियामक ‘इर्डाई’ने २०१९ मध्ये यासाठी कार्यगट नेमला. त्याचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये चर्चेसाठी खुला झाला. ‘ट्रॅफिक व्हायोलेशन प्रीमियम’ असा नवा भाग हप्त्यात असावा, प्रत्येक नियमभंगाला गुण द्यावेत आणि गुणांनुसार जादा रक्कम घ्यावी, अशी शिफारस त्यात होती. दारू पिऊन गाडी चालवण्याला १०० गुण, तर चुकीच्या जागी पार्किंगला १० गुण. दुचाकीला कमाल साडेसातशे आणि चारचाकीला दीड हजार रुपयांपर्यंत वाढ सुचवण्यात आली होती. दिल्लीत प्रायोगिक अंमलबजावणी करावी, असेही म्हटले होते. २०२४ मध्ये दिल्लीच्या नायब राज्यपालांनी केंद्रीय अर्थमंत्र्यांना पत्र लिहून हीच मागणी पुन्हा केली. रायगडच्या वाहनमालकाच्या हप्त्यात मात्र अद्याप असा रकाना आलेला नाही.

अडचण कुठे आहे?

आपल्याकडे विमा गाडीचा असतो, चालकाचा नव्हे. किनारपट्टीवर हा फरक ठळक दिसतो. एकच गाडी आठवडाभर मालक चालवतो, शनिवार-रविवारी मुलगा मित्रांना घेऊन मांडव्याला रो-रोने उतरतो आणि लग्नसराईत पगारी चालक हाकतो. कॅमेरा टिपतो तो नंबरप्लेट. चलन मालकाच्या नावे निघते. चूक कोणी केली हे कळत नसेल, तर हप्ता कोणाचा वाढवायचा?

एक वेगळी वाट २०२२ मध्ये खुली झाली. जुलैमध्ये इर्डाईने ‘पे ॲज यू ड्राइव्ह’ आणि ‘पे हाऊ यू ड्राइव्ह’ या जोड योजनांना परवानगी दिली. पहिलीत किलोमीटर मोजले जातात, दुसरीत ब्रेक, वेग, वळण यांवरून चालवण्याची पद्धत मोजली जाते. दुसरीत तरी चांगल्या हाताला थेट मोल मिळते. मात्र ती ऐच्छिक आहे, त्यामुळे बेशिस्त चालक तिच्या वाटेला जाणार नाही.

इतर देशांत काय होते?

फ्रान्समध्ये ‘बोनस-मालस’ पद्धत आहे. अपघाताविना गेलेल्या वर्षाला हप्त्याचा गुणक पाच टक्क्यांनी घटतो. पूर्ण चूक असलेल्या प्रत्येक अपघाताला तो २५ टक्क्यांनी वाढतो आणि साडेतीन पटीपर्यंत जाऊ शकतो. चूक नसेल तर वाढ नाही. ब्रिटनमध्ये मद्यपान करून गाडी चालवल्याची शिक्षा परवान्यावर ११ वर्षे राहते आणि विमा घेताना आधीच्या शिक्षा सांगाव्या लागतात. अमेरिकेतील अनेक राज्यांत अशा चालकाला विमा असल्याचे ‘एसआर-२२’ प्रमाणपत्र कंपनीमार्फत सरकारकडे द्यावे लागते. हप्ता साहजिकच चढतो. या सर्व ठिकाणी पहिला प्रश्न ‘चूक कोणाची’ हा असतो.

म्हणजे आपल्याकडे बेशिस्तीची किंमतच नाही?

आहे, पण ती हप्त्यात नाही, अपघातानंतर वसूल होते. मद्यपान करून किंवा परवान्याविना गाडी चालवली असेल तर स्वतःच्या गाडीची भरपाई नाकारली जाते. परवाना नसलेल्या चालकाने कोणाला धडक दिली, तर पीडिताला कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालये देतात. ही रक्कम लाखांत असू शकते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात, स्वतःच्याच भरधाव व बेदरकार चालवण्याने मृत्यू झालेल्या चालकाच्या वारसांना विमा कंपनीकडून भरपाई मागता येणार नाही, हा निर्णय कायम ठेवला. किनारपट्टीवर पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी पर्यटकांना भाड्याने देणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. खासगी वापराच्या विम्यावर भाड्याचा धंदा केल्याचे आढळले, तर दावा फेटाळला जाऊ शकतो.

वाहनमालकांनी काय करावे?

लहान खरचटण्यासाठी दावा करण्यापूर्वी वरचे गणित कागदावर मांडावे. मोठे नुकसान असेल तर सूट जाईल म्हणून दावा टाळू नये. ‘नो क्लेम बोनस प्रोटेक्ट’ हे जोड संरक्षण घेतले तर ठरावीक दाव्यांनंतरही सूट टिकते. महाड, नागोठणे किंवा खाडीकाठच्या गावात गाडी ठेवणाऱ्यांनी ते आणि इंजिन प्रोटेक्ट पावसाळ्यापूर्वी पाहावे. आधीचा दावा लपवून सूट घेऊ नये, कंपन्या एकमेकींकडून माहिती पडताळतात आणि ऐन वेळी दावा अडतो. गाडी विकली तरी सूट मालकाचीच राहते. तिचे प्रमाणपत्र घेऊन ती तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येते. पॉलिसीवर ‘लिमिटेशन्स ॲज टू यूज’ या मथळ्याखाली गाडी कशासाठी वापरता येते, हे लिहिलेले असते. नूतनीकरणाचा संदेश आला की रकमेआधी तो मजकूर वाचावा.