शेजारची सत्ता (लेखांक चौथा) : वाटूर परराज्यात होते तेव्हा

शेजारची वैरी राजवट उलथवायला हातभार लावावा का, असे विचारले की आपण ढाका, काबूल, बगदादकडे पाहू लागतो. परतूर तालुक्यातल्या वाटूरच्या जुन्या माणसांना एवढे लांब जावे लागत नसे. १५ ऑगस्ट १९४७ नंतर वर्षभर त्यांचे गाव निजामाच्या राज्यात होते. उत्तरेला सिंदखेडराजा, लोणारकडे हद्द ओलांडली की वऱ्हाड, म्हणजे स्वतंत्र हिंदुस्थान. मध्ये करोडगिरीचे (जकातीचे) नाके, आणि खिशात निजामाचा हाली रुपया.

२९ नोव्हेंबर १९४७ला दिल्ली आणि हैदराबाद यांच्यात एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. कागदावर दोन्ही बाजू स्वस्थ. प्रत्यक्षात निजामाने पाकिस्तानला २० कोटींचे कर्ज देऊ केले, वैमानिक सिडनी कॉटन कराचीहून रात्री विमानाने शस्त्रे आणू लागला आणि लातूरचा वकील कासिम रझवी याचे सशस्त्र रझाकार खेड्यांत धुमाकूळ घालू लागले. इकडे मनमाड, बार्शी, सोलापूरच्या बाजूला निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचे कॅम्प उभे राहिले. तिथली पोरे हद्दीपलीकडे जाऊन नाके जाळत, ठाण्यांवर हल्ले करत आणि परत येत. दिल्लीने याची जाहीर कबुली कधी दिली नाही. पण तिची डोळेझाक नसती तर हे कॅम्प आठवडाभरही टिकले नसते.

करार चालू असताना हे योग्य होते का? माझ्या मते कॅम्प समर्थनीय होते, आणि त्याचे कारण दिल्लीत शोधून सापडणार नाही. स्टेट काँग्रेसवर १९३८मध्ये बंदी आली तेव्हापासून संस्थानातलीच माणसे सत्याग्रह करून तुरुंगात जात होती. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ हे त्यांचे पुढारी काही बाहेरून पाठवलेले नव्हते. लढा आधीपासून होता, शेजाऱ्याने त्याला आसरा दिला. २००३च्या इराकमध्ये हेच नव्हते. तिथे परदेशातून परतलेल्या पुढाऱ्यांच्या भरवशावर फौजा घुसल्या. दिल्लीने केलेल्या नाकेबंदीबद्दल मात्र मला एवढी खात्री देता येत नाही. पेट्रोल आणि औषधे अडवली की त्याची झळ लागते ती खेड्यातल्या आजाऱ्याला. निजामाच्या घरी औषध कमी पडले नसणार.

१३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. दुसऱ्या दिवशी औरंगाबादने शरणागती पत्करली. जालन्यात मात्र चिवट प्रतिकार झाला. १७ तारखेला सारे संपले. हैदराबादची तक्रार सुरक्षा परिषदेत चर्चेला येऊन जेमतेम एक दिवस झाला होता.

त्यानंतरच्या दोन गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत. निजामाला हाकलले नाही. २६ जानेवारी १९५०ला तोच राजप्रमुख झाला आणि १९५६पर्यंत राहिला. ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांना हे गिळणे जड गेले असेल, पण राज्यकारभार कोलमडला नाही. बगदादमध्ये अमेरिकनांनी सैन्यच विसर्जित केले आणि बंदुकीसकट लाखो बेकार रस्त्यावर आणले.

दुसरी गोष्ट शाळेतल्या १७ सप्टेंबरच्या, मुक्तिदिनाच्या भाषणात येत नाही. रझाकारांचा सूड सामान्य मुसलमानांवर उगवला गेला. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा सावध अंदाज २७ ते ४० हजार दिला. उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत सर्वांत वाईट अवस्था होती. काही ठिकाणी सैनिक आणि पोलीसही सामील होते, असेही समितीने लिहिले. अहवाल बासनात गेला आणि ६५ वर्षांनी, २०१३मध्ये लोकांपुढे आला. राजवट पाडण्याचा बेत महिनोन्‌महिने आखला गेला. पुढच्या पंधरवड्यात गावांत कोण कोणाला राखणार, याचा बेत आखल्याचे दिसत नाही. मुक्ती हवीच होती, असे म्हणणाऱ्याने, आणि मी तसे म्हणतो, हा आकडाही त्याच दमात सांगावा.

पुढच्या आठवड्यात श्रीलंका : ज्यांना आधी हत्यारे चालवायला शिकवली, त्यांच्याशीच १९८७मध्ये आपल्या जवानांना लढावे लागले, ते कसे.