दात्र-कोशिका पांडुरोग व जबड्याचे क्ष-किरण चित्रण

दात्र-कोशिका पांडुरोगाच्या (सिकलसेलच्या) रुग्णाचे दातांसाठी घेतलेले क्ष-किरण चित्र त्याच्या हाडांच्या स्थितीविषयीही माहिती देते. दात्र म्हणजे विळा. या आनुवंशिक रोगात हीमोग्लोबिनाच्या बीटा शृंखलेतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन आलेले असते. त्यामुळे ऑक्सिजन कमी पडताच रक्तातील तांबड्या कोशिका (पेशी) विळ्यासारख्या वाकड्या व ताठर होतात. शिकागो येथील जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या रोगाचे वर्णन केले. भारतात तो १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत आढळला आणि मध्य भारतातील आढळाविषयी शुक्ल व सोळंकी यांचा निबंध १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात विदर्भाचे पूर्वेकडील जिल्हे व नंदुरबार येथे त्याचे प्रमाण अधिक आहे.

हाडांवर त्याचे दोन प्रकारे परिणाम होतात. निरोगी तांबडी कोशिका सुमारे १२० दिवस जगते, तर विकृत कोशिका १० ते २० दिवसांतच नष्ट होते. ही तूट भरून काढताना अस्थिमज्जा वाढते व सभोवतालचे हाड विरळ होते. दुसरे असे की, ताठर कोशिकांनी सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबल्यास हाडाचा तेवढा भाग मृत होतो (अभिकोथ). खालच्या जबड्याच्या मागील भागात प्रौढपणीही रक्तोत्पादक मज्जा टिकून राहू शकते, म्हणून हे फरक तेथे दिसतात.

चित्रात मज्जेच्या पोकळ्या मोठ्या दिसतात. दाढांच्या मुळांमधील अस्थिपट्टिका संख्येने कमी होऊन आडव्या, शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे मांडल्यासारख्या भासतात. पाठ्यपुस्तकांतून ही शिडी फार ठळकपणे दाखविली जाते. परंतु ती निरोगी व्यक्तींतही आढळत असल्याने केवळ तिच्यावर विसंबणे योग्य नाही. संपूर्ण जबड्याच्या एकसंध चित्रात हनुवटीच्या बाजूच्या छिद्राखालील घट्ट हाडाची जाडी मोजता येते. ती ३ मिमी. पेक्षा कमी असल्यास अस्थिविरलतेची शंका घेतात. त्या हाडाची आतील कड सलग, खाचा पडलेली की सच्छिद्र, हेही पाहतात. मात्र हे निकष मुख्यतः ऋतुनिवृत्त स्त्रियांच्या अभ्यासातून ठरलेले आहेत, त्यामुळे तरुण रुग्णांना ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. रुग्णाच्याच जुन्या चित्राशी केलेली तुलना अधिक बोलकी ठरते. ती चित्रे टाकून देऊ नयेत. रोगनिदान मात्र रक्ततपासणीनेच होते.

जबड्यातील अभिकोथाची वेदना दातदुखीसारखीच असते. कीड नसतानाही दाताच्या गाभ्यातील ऊतक मरू शकते, कधी खालचा ओठ बधिर होतो. अशा वेळी निरोगी दात काढला जाण्याचा धोका असतो आणि त्या जखमेतून अस्थिमज्जाशोथ उद्‌भवू शकतो. अभिकोथ वा अस्थिमज्जाशोथ सुरू झाल्यावर पहिले आठ-दहा दिवस क्ष-किरण चित्र बहुधा निर्दोषच दिसते. म्हणून निर्दोष चित्र हाती असूनही वेदना टिकल्यास ते पुन्हा घ्यावे लागते. केंद्र शासनाच्या १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणी झालेल्यांना त्यांच्या स्थितीची नोंद असलेले पत्रक दिले जाते. दंतवैद्याने दाताला हात लावण्यापूर्वी ते पाहणे इष्ट असते.