विश्लेषण : चाकणच्या कारखान्यांचा सीएसआर निधी मुलांच्या नाट्यवर्गापर्यंत कसा पोहोचेल?

जानेवारी २०२४ मध्ये शंभरावे अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन पिंपरी-चिंचवडमध्ये झाले. चिंचवडचे प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, संत तुकारामनगरचे आचार्य अत्रे रंगमंदिर अशी नाट्यगृहेही शहरात आहेत. मात्र, कामगार वस्त्यांमध्ये मुलांना नाटक, ढोलकी किंवा चित्रकला शिकवणाऱ्या छोट्या संस्था बहुतेक वेळा वर्गणीवर आणि ओळखीच्या देणगीदारावर चालतात. देणगीदाराने हात आखडता घेतला, की वर्ग बंद. दुसरीकडे, हाकेच्या अंतरावरील अनेक कंपन्यांना सामाजिक कामावर खर्च करणे कायद्यानेच बंधनकारक आहे. मग अडते कुठे?

सीएसआर कोणाला लागू?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार आदल्या आर्थिक वर्षात नेटवर्थ ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यापैकी एक जरी निकष पूर्ण झाला तरी कंपनीला सीएसआर लागू होतो. मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम खर्च करावी लागते. म्हणजे सरासरी नफा १० कोटी असेल, तर वर्षाला २० लाख. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो.

त्यात कला बसते का?

बसते. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कोणत्या कामांवर खर्च करता येतो, याची यादी आहे. त्यात शिक्षणाला प्रोत्साहन हा एक विषय आहे, तर वारसा, कला-संस्कृती आणि पारंपरिक कलांचा विकास हा दुसरा. सीएसआरचा मोठा वाटा शिक्षण आणि आरोग्याकडे जातो. त्यामुळे शाळेतील नाट्यवर्गासाठी ‘शिक्षण’ आणि लोककलेच्या प्रशिक्षणासाठी ‘कला-संस्कृती’ हा विषय धरून प्रस्ताव मांडणे सोयीचे ठरते.

दोन गोष्टी मात्र सीएसआरमध्ये चालत नाहीत. कंपनीच्या जाहिरातीसाठी दिलेली स्पॉन्सरशिप त्यात धरली जात नाही. फक्त त्याच कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा उपक्रमही चालत नाही. त्यामुळे वर्ग परिसरातील सगळ्या मुलांसाठी खुला हवा.

कोणती कागदपत्रे लागतात?

बरेच अर्ज इथेच अडतात. संस्था नोंदणीकृत ट्रस्ट, सोसायटी किंवा कलम ८ खालील कंपनी असावी लागते. प्राप्तिकराची १२ए आणि ८०जी नोंदणी लागते. १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी क्रमांक घेणेही सक्तीचे आहे. शिवाय, अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो.

नोंदणी नसेल तर?

मार्ग बंद होत नाही. आधीच पात्र असलेल्या ट्रस्टच्या प्रकल्पात प्रशिक्षक म्हणून सहभागी होता येते. कंपनी स्वतःही उपक्रम राबवू शकते. दरम्यान हजेरीपत्रक, खर्चाची बिले, प्रयोगांचे फोटो जपून ठेवा. पुढे अनुभवाचा पुरावा म्हणून तेच कामी येते.

कोणाकडे जायचे?

पहिले नाव मोठ्या वाहन कंपनीचेच सुचते. पण भोसरी-चाकण पट्ट्यात सुटे भाग बनवणाऱ्या मध्यम कंपन्याही भरपूर आहेत. सीएसआरची रक्कम ५० लाखांपर्यंत असेल, तर वेगळी सीएसआर समिती नेमण्याची सक्ती नसते. निर्णय संचालक मंडळ घेते. अशा ठिकाणी निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोहोचणे तुलनेने सोपे असते. कंपनीचे सीएसआर धोरण आणि मंजूर प्रकल्प तिच्या वेबसाइटवर, असल्यास, पाहायला मिळतात. ते वाचूनच अर्ज करा. नवे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतच भेट घेतलेली बरी.

अर्जात काय लिहायचे?

‘मुलांच्या सुप्त गुणांना वाव’ एवढे लिहून भागत नाही. आकडे मांडा. उदाहरणार्थ, ४० मुलांचा वर्षात ९६ तासिकांचा नाट्यवर्ग घ्या. प्रशिक्षकाचे मानधन तासिकेला १,००० रुपयांप्रमाणे ९६,००० रुपये, जागाभाडे ४८,०००, साहित्य ३०,०००, दोन प्रयोग ४०,००० आणि प्रत्येक मुलाला तासिकेला १५ रुपयांचा खाऊ धरून ५७,६००. एकूण २,७१,६०० रुपये, म्हणजे एका मुलामागे वर्षाला ६,७९० रुपये. सोबत हजेरी किती राहील, किती मुले रंगमंचावर उभी राहतील, हेही लिहा. कारखान्यातील माणसाला ही भाषा लगेच कळते.

कंपनीने नकार दिला तर?

पगाराच्या स्लिपवर जून आणि डिसेंबरमध्ये कामगार कल्याण निधीची छोटी कपात दिसते. हा निधी महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडे जातो. मंडळ कामगार कल्याण केंद्रे चालवते, नाट्यस्पर्धाही घेते. आपली कपात होत असेल, तर जवळच्या केंद्रात मुलांसाठी काय आहे, याची चौकशी जरूर करा.

गुणी मुलांना वैयक्तिक शिष्यवृत्तीचाही पर्याय आहे. दिल्लीची सीसीआरटी ही संस्था १० ते १४ वयोगटासाठी, तर केंद्रीय संस्कृती मंत्रालय १८ ते २५ वयोगटातील तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती देते. मंत्रालयाची शिष्यवृत्ती दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षांसाठी असते. मात्र, शिष्यवृत्तीने एक मूल पुढे जाते, वस्तीतला वर्ग चालत नाही. त्यासाठी संस्थेची नोंदणी हे पहिले काम, आणि त्याची सुरुवात निधी हवा असलेल्या वर्षाच्या कितीतरी आधी करावी लागते.