'गेली असावी' आणि फ्रेंचचा सब्जंक्टिव्ह

शीर्षक वाचून पान उलटू नका. मेसची रांग पुढे सरकेपर्यंत वाचून होईल.

फ्रेंच शिकणाऱ्याला विचारा, सगळ्यात जास्त डोकं कुठे दुखतं? बहुतेक जण सब्जंक्टिव्हचं नाव घेतील, त्यातही त्याच्या भूतकाळाचं. फ्रान्समध्ये फ्रेंच माध्यमातून शिकायचं तर साधारणपणे बी-२ पातळी मागतात, आणि तिथे हा प्रकार येतोच. आपण तो इंग्रजीतून शिकतो. आमच्या सिहोऱ्याकडे कुठल्याही इंग्रजी शाळेला 'कॉन्व्हेंट' म्हणतात, तिथे नन असो वा नसो. मी मात्र खरोखरच्या कॉन्व्हेंटमधली. तरी सांगते, या कामात तिथलं इंग्रजी फार उपयोगाचं नाही. घरची मराठी जास्त कामाची आहे.

'तुमसरची बस गेली' म्हणजे गेली, स्टँडवर थांबण्यात अर्थ नाही. 'गेली असावी' म्हणजे अजून थोडी आशा आहे. आमच्याकडचे म्हातारे 'गेली असन' म्हणतात. 'गेली असली तरी' म्हटलं की वाक्य अजून संपलेलंच नाही, पुढे काहीतरी मार्ग निघणार. घडलेलं सरळ सांगणं आणि त्याबद्दल शंका, इच्छा, गरज बोलणं हा फरक आपण क्रियापदातच दाखवतो. इंग्रजीत तो जवळजवळ पुसला गेलाय, 'इफ आय वेअर यू' सारखे थोडे अवशेष उरलेत.

आता रचना बघा. 'गेली' जागची हलली नाही. बदललं ते 'असणे': आहे, असावी, असली. फ्रेंच हेच करतं. मुख्य क्रियापदाचं भूतकाळी रूप तसंच ठेवतं आणि मदतीच्या क्रियापदाला सब्जंक्टिव्हच्या वर्तमानकाळात टाकतं. म्हणजे ज्याला पास्से कोंपोझे येतो त्याला फक्त दोन क्रियापदांची रूपं नव्याने लागतात. आव्हवारची: झे, त्यु ए, इल ए, नूझ एयों, व्हूझ एये, इल्झ ए. एत्रची: झ स्वा, त्यु स्वा, इल स्वा, नू स्वायों, व्हू स्वाये, इल स्वा. सहातली चार कानाला सारखीच, स्पेलिंगचा छळ तेवढा वेगळा. 'बियँ किल स्वा पार्ती' म्हणजे 'जरी तो गेला असला तरी'. 'इल फो क त्यु ए फिनी' म्हणजे 'तुझं संपलेलं असायला हवं', सबमिशनच्या आदल्या रात्री ऐकू येतं ते.

पण आव्हवार कधी आणि एत्र कधी? इंग्रजीतून शिकणाऱ्यांना यासाठी 'डॉक्टर अँड मिसेस व्हँडरट्रँप' नावाचं एक काल्पनिक जोडपं पाठ करावं लागतं. नावातलं एकेक अक्षर म्हणजे एत्र घेणारं एकेक क्रियापद. आपल्याला त्या जोडप्याची गरजच नाही. 'त्याने' लावून बघायचं. तो गेला, आला, निघाला, पोचला, चढला, उतरला, पडला, राहिला, परतला, जन्मला, मेला. यातल्या एकालाही 'त्याने' चालत नाही, आणि फ्रेंचमध्ये ही सगळी एत्रवाली. 'त्याने वाचलं', 'त्याने खाल्लं' म्हटलं की आव्हवार. युक्ती शंभर टक्के नाही: 'तो झोपला', 'तो हसला', 'तो धावला' यांनाही 'ने' नको, पण फ्रेंच त्यांना आव्हवारच देतं. हे अपवाद वेगळे लिहून भिंतीला चिकटवा.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढे आहे. एत्र असेल तर रूप कर्त्याप्रमाणे बदलतं, आपल्या 'तो गेला, ती गेली' सारखं. आव्हवार असेल तर कर्म आधी आल्यास कर्माप्रमाणे. 'मी लिहिलेली सगळ्यात सुंदर चिठ्ठी' फ्रेंचमध्ये 'ला प्ल्यु बेल लेत्र क झे एक्रीत'. चिठ्ठी स्त्रीलिंगी आणि आधी आली, म्हणून 'एक्री'चं 'एक्रीत' झालं. फ्रेंच मुलंसुद्धा या नियमाला वैतागतात. आपण मात्र 'पत्र लिहिलं, चिठ्ठी लिहिली' लहानपणापासून न शिकता बोलतो, आणि मराठीत कर्म बहुतेक वेळा आधीच येतं.

ज्यूल ब्लोक या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने मराठीच्या घडणीवर फ्रेंचमध्ये ग्रंथ लिहिला, तो १९२० साली निघाला. वा. गो. परांजपे यांनी त्याचं मराठी भाषांतर केलं, ते १९४१ चं. तेव्हा या वाटेने उलट्या दिशेने कोणीतरी शंभर वर्षांपूर्वीच येऊन गेलंय.

मात्र 'असावा' दिसला की सब्जंक्टिव्ह ठोकायचा, असं नाही. नुसतं 'तो गेला असावा' फ्रेंचमध्ये साध्या रूपात जातं: 'इल ए प्यतेत्र पार्ती'. उलट 'तू आलास याचा मला आनंद आहे' यात मराठीला साधा भूतकाळ पुरतो, तर फ्रेंच भावना आली म्हणून सब्जंक्टिव्ह मागतं: 'झ स्वी कोंताँ क त्यु स्वा व्हन्यु'. 'वाटणे' मात्र दोन्हीकडे एकसारखं वागतं. 'तो गेला असं मला वाटतं' याला साधं रूप. 'तो गेला असेल असं मला वाटत नाही' म्हटलं, की 'नाही'बरोबर मराठीत 'असेल' येतं आणि फ्रेंचमध्ये 'स्वा'.