टूल तेच, हात कुणाचा?

कळंबोली सर्कलला कंटेनरच्या ट्रेलरमागे अडकून तुमचं पहिलं लेक्चर कधी ना कधी बुडालं असेलच. यातले बरेच ट्रेलर निघालेले असतात न्हावा-शेव्याला, जेएनपीटी बंदरात. तिथल्या टर्मिनलचे कम्प्युटरच बंद पडले तर? तसं घडलंय.

27 जून 2017. युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ हा मालवेअर सुटला आणि मर्स्क या डॅनिश शिपिंग कंपनीत घुसला. जेएनपीटीतलं ‘जीटीआय’ टर्मिनल याच ग्रुपचं. सिस्टिम ठप्प! कुठला माल कुणाचा हे कळेना, कामं हाताने करायची वेळ आली.

हा पसरला कसा, ते आयटीवाल्यांनी नीट वाचा. विंडोजमधल्या एका त्रुटीचा त्याने फायदा घेतला. तिचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. पण पॅच टाकलेली मशिन्सही वाचली नाहीत. कारण नॉटपेट्या एका मशीनच्या मेमरीतून अॅडमिनचा पासवर्ड उचलायचा आणि ‘पीएसएक्झेक’ने पुढच्या मशीनमध्ये शिरायचा. पीएसएक्झेक हे काही हॅकरचं टूल नाही. जागेवर बसून दुसऱ्या मशीनवर कमांड चालवायला अॅडमिन ते रोज वापरतात. म्हणजे चोराने कुलूप फोडलंच नाही, वॉचमनची चावी वापरली.

मर्स्कने दहा दिवसांत 4,000 सर्व्हर आणि 45,000 पीसी नव्याने उभे केले. पण कुणाला काय उघडता येईल हे ठरवणारे त्यांचे डोमेन कंट्रोलर एकमेकांची कॉपी ठेवायचे, त्यामुळे सगळे एकदमच गेले. वाचला फक्त घानाच्या ऑफिसमधला एक. का? तिथली लाइट गेली होती! लोडशेडिंगचे असे उपकार क्वचितच.

तुम्ही नेटवर्किंगचा क्लास लावला असेल किंवा लावणार असाल, तर नुसत्या कमांड पाठ करू नका. रोजचं काम साध्या अकाउंटवर करा, अॅडमिन लॉगिन गरजेपुरतंच. सगळ्या मशिन्सना एकच अॅडमिन पासवर्ड नको. पॅच वेळेवर टाका. आणि एक बॅकअप असा ठेवा, जो नेटवर्कला जोडलेलाच नाही.

सराव कुठे करायचा? लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाका, दोन व्हर्च्युअल मशिन्स बनवा. एनमॅपने त्यांचे पोर्ट स्कॅन करा, वायरशार्कमध्ये पॅकेट्स बघा. सगळं फुकट आहे. फक्त कॉलेजच्या वायफायवर परवानगीशिवाय हे प्रयोग नकोत. गैरहेतूने केलेल्या घुसखोरीला आयटी अॅक्टच्या कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

उद्या कदाचित अशाच एखाद्या टर्मिनलची अॅडमिन की तुमच्या हातात असेल. तेव्हा कळंबोलीची ट्रॅफिक हलती ठेवणंही थोडंफार तुमच्यावरच असेल, बरं का!