यकृताचा कर्करोग : भाकीत कोणाच्या उपयोगाचे?

भाकिताचे मोल केवळ त्याच्या अचूकपणावर ठरत नसते. यंदा पाऊस ओढ देणार हे शेतकऱ्याला पेरणीपूर्वी कळले, तर तो पीक बदलू शकतो. पेरणी आटोपल्यावर कळले, तर त्याच्या पदरी चिंतेखेरीज काही पडत नाही. जी माहिती निर्णय बदलू शकते तीच मोलाची, हा अर्थशास्त्रातील साधा सिद्धान्त आहे. यकृताच्या कर्करोगाचा रुग्ण किती काळ जगेल आणि कोणत्या उपचाराला प्रतिसाद देईल, हे त्याच्या रक्तावरून सांगू पाहणाऱ्या दर्शकांची संख्या गेल्या काही दशकांत सारखी वाढत आहे. त्यांनाही हीच कसोटी लावून पाहणे आता अगत्याचे झाले आहे. कारण महागडे औषध कोणाला द्यावे आणि दान मिळालेले यकृत कोणाच्या देहात बसवावे, हेही हे आकडे ठरवू लागले आहेत.

या रोगाची व्याप्ती लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ७ लाख ५८ हजार रुग्ण दगावले. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके निकट असावेत, यातच या रोगाचा सारा इतिहास आला. निदान बहुधा उशिरा होते आणि उशिरा झालेल्या निदानापुढे वैद्यकशास्त्राचे फारसे चालत नाही.

एका देहात दोन रोग

अन्य बहुतेक कर्करोगांत गाठ केवढी आहे व ती कोठवर पसरली आहे, यावरून पुढचा अंदाज बांधतात. यकृताची गोष्ट निराळी आहे. येथे गाठ सहसा निरोगी इंद्रियात उद्भवत नाही. 'ब' किंवा 'क' प्रकारच्या विषाणुजन्य काविळीने, मद्याने अथवा साठलेल्या चरबीने वर्षानुवर्षे झिजून निबर झालेल्या यकृतात ती उद्भवते. म्हणजे रुग्णाला एकाच वेळी दोन व्याधी जडलेल्या असतात आणि पुष्कळदा गाठीपेक्षाही यकृत निकामी झाल्यानेच त्याचा अंत ओढवतो. म्हणून रक्ताला दोन प्रश्न विचारावे लागतात : गाठ किती आक्रमक आहे, आणि यकृतात अजून किती बळ उरले आहे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणारा सर्वांत जुना दर्शक म्हणजे अल्फा-फीटोप्रोटीन हे प्रथिन. गर्भाचे यकृत ते विपुल प्रमाणात तयार करते. जन्मानंतर त्याचे प्रमाण झपाट्याने घटते आणि प्रौढाच्या रक्तात ते नाममात्र उरते. १९६३ मध्ये मॉस्को येथील संशोधक गॅरी अबेलेव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांना यकृताची गाठ असलेल्या उंदरांच्या रक्तात ते पुन्हा आढळले. पुढच्याच वर्षी युरी तातारिनोव्ह यांनी ते मानवी रुग्णाच्या रक्तात दाखवून दिले. कर्करोगाची पेशी जणू आपले प्रौढपण विसरून गर्भावस्थेतील धर्म पुन्हा आचरू लागते. या प्रथिनाची पातळी जितकी अधिक, तितका रोगाचा वेग बहुधा अधिक. आणि उपचारानंतर ती उतरली, तर ते सुचिन्ह समजतात.

तथापि या साक्षीदारावर सर्वस्वी विसंबता येत नाही. कित्येक रुग्णांत गाठ असूनही त्याची पातळी वाढत नाही आणि यकृताला नुसता दाह झाला तरी कधीकधी ती वाढते. ही उणीव भरून काढण्यासाठी अन्य दर्शकांची जोड देण्यात आली. रक्त गोठविण्याच्या कामी येणाऱ्या प्रोथ्रॉम्बिन या प्रथिनाचे एक अपुरे रूप कर्करोगाच्या पेशी बाहेर टाकतात, हे १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. जपानमध्ये त्याची तपासणी नित्याची आहे. रक्तातील दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे परस्परांशी असलेले प्रमाण, तसेच गाठीतून रक्तात झिरपणारे जनुकद्रव्याचे तुकडे, यांवरही संशोधन चालू आहे.

स्वस्त आकड्यांचे सामर्थ्य

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र फार साध्या तपासण्यांत दडलेले आहे. यकृताचे बळ मोजण्याची रूढ पद्धत १९६४ मध्ये मांडली गेली व १९७३ मध्ये सुधारली गेली. तिच्यात पाच गोष्टींना गुण देतात. त्यांतील जलोदर किती आहे व मेंदूवर परिणाम कितपत झाला आहे, या दोन गोष्टी तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मतावर अवलंबून राहतात. २०१५ मध्ये फिलिप जॉन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक देशांतील हजारो रुग्णांची माहिती पडताळून असे दाखविले, की रक्तातील अल्ब्युमिन व बिलिरुबिन या केवळ दोन आकड्यांवरूनही रुग्णांची तीन गटांत समाधानकारक विभागणी करता येते. या दोन तपासण्या तालुक्याच्या गावीही होतात. नव्या, महाग व पेटंटबद्ध चाचण्यांच्या गजबजाटात या गोष्टीकडे दुर्लक्ष होणे परवडणारे नाही. चाचणी महाग आहे म्हणून ती अधिक जाणती ठरत नाही.

निवडीचा आधार

रुग्णाचे पुढे काय होईल हे सांगणे आणि त्याला कोणते औषध लागू पडेल हे सांगणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत नेहमी होते. रॅम्युसिरुमॅब या औषधाची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत सरसकट सर्व रुग्णांचा विचार करता ते निर्णायकरीत्या उपयोगी ठरले नाही. परंतु ज्यांच्या रक्तात अल्फा-फीटोप्रोटीन दर मिलिलिटरला ४०० नॅनोग्रॅम वा त्याहून अधिक होते, त्यांना लाभ झाल्याचे दिसले. मग केवळ अशाच रुग्णांवर दुसरी चाचणी घेण्यात आली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार औषध घेणाऱ्यांच्या आयुर्मानाचा मध्यक ८.५ महिने, तर न घेणाऱ्यांचा ७.३ महिने भरला. एका आकड्याने निर्णय बदलला, हे खरे. पण त्या निर्णयाने पदरात काय पडले, याचा हिशेबही तेवढाच खरा आहे.

येथे मध्यकाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. मध्यक साडेआठ महिने याचा अर्थ निम्मे रुग्ण त्याहून अधिक जगले असा होतो. समूहाविषयीचे हे विधान एका व्यक्तीच्या कपाळी मुदत म्हणून चिकटविणे हा गणिताचा अपलाप आहे, आणि तो घरोघर होत असतो.

वाटपाची मोजपट्टी

दान मिळालेली यकृते थोडी व मागणारे पुष्कळ, ही टंचाईची स्थिती आहे. आणि टंचाई आली की वाटपाचा नियम आलाच. अमेरिकेत फेब्रुवारी २००२ पासून बिलिरुबिन, क्रिएटिनिन व रक्त गोठण्याचा काळ यांवरून काढलेल्या गुणांनुसार क्रम लावण्यात येऊ लागला. वशिल्यापेक्षा व नुसत्या प्रतीक्षेच्या काळापेक्षा हा नियम न्याय्य होता, यात शंका नाही. परंतु प्रत्येक निर्देशांकाला त्याची आंधळी बाजू असते. कर्करोगाच्या रुग्णाचे यकृत बरेच शाबूत असते, तेव्हा त्याचे गुण कमी भरतात आणि इकडे गाठ वाढत राहते. म्हणून अशांना जादा गुण द्यावे लागले, आणि ते अधिक झाल्याचे दिसताच पुन्हा उतरवावे लागले. स्त्रियांच्या शरीरात स्नायू कमी असल्याने त्यांचे क्रिएटिनिन मुळात कमी असते; परिणामी त्यांचा आजार कागदावर सौम्य दिसे. ही चूक सुधारणारे नवे सूत्र २०२३ मध्ये लागू झाले. वीस वर्षे हा पक्षपात एका निःपक्षपाती भासणाऱ्या आकड्याच्या आड वावरत होता.

भारतात बहुतांश यकृतारोपणे जिवंत दात्याच्या यकृताचा भाग घेऊन होतात. येथे दाता म्हणजे सामान्यतः पत्नी, मुलगा, बहीण किंवा आई. म्हणून रक्तातील आकडा आपल्याकडे रुग्णाचे भवितव्य सांगतो तेव्हाच एका निरोगी माणसाने शस्त्रक्रियेचा धोका पत्करावा की नाही, याचीही सल्लामसलत करीत असतो. ती सल्लामसलत अर्धवट माहितीवर होता कामा नये.

उपचाराविना भाकीत

चीनमधील चीतुंग या परगण्यात 'ब' काविळीचे विषाणू बाळगणाऱ्या साडेपाच हजारांहून अधिक पुरुषांवर १९८९ ते १९९५ या काळात एक प्रयोग झाला. त्यांतील एका गटाची अल्फा-फीटोप्रोटीनची तपासणी नियमाने करण्यात आली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष विचार करावयास लावणारा आहे. तपासलेल्या गटात रोग लवकर सापडला, पण एकंदर मृत्यूंचे प्रमाण घटले नाही. कारण सापडलेल्यांना परिणामकारक उपचार मिळाले नाहीत. रुग्णांना मृत्यूची वार्ता तेवढी आधी कळली.

आपल्याकडे या सत्याला पैशाची बाजू आहे. सोराफेनिब या औषधाची एका महिन्याची किंमत सुमारे २ लाख ८० हजार रुपये होती. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रकांनी नॅटको या भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना दिला आणि तेच औषध महिना नऊ हजार रुपयांच्या आत देण्याचे बंधन घातले. मूळ पेटंटधारक बायर कंपनीने त्याला आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये परवाना उचलून धरला. त्या एका निर्णयाने जितक्या घरांत उपचाराचा विचार शक्य झाला, तितका कोणत्याही नव्या दर्शकाने झाला नसेल. औषध आवाक्यात नसताना त्याला रुग्ण योग्य आहे की नाही हे रक्त तपासून ठरविणे, हा निव्वळ उपचाराचा उपचार होय.

या विवेचनाचा अर्थ दर्शक निरुपयोगी आहेत असा नव्हे. यकृत निकामी होत आलेल्या रुग्णाला न झेपणारे उपचार टाळता यावेत आणि त्याच्या कुटुंबाने त्यापायी जमीन विकू नये, एवढे जरी एखाद्या आकड्याने साधले तरी तो सार्थकी लागला असे म्हणता येईल. मात्र प्रत्येक चाचणीपूर्वी एक प्रश्न विचारला गेला पाहिजे : निकाल असा आला तर काय करणार आणि तसा आला तर काय? दोहोंचे उत्तर एकच असेल, तर चाचणीचा खर्च रुग्णावर लादण्याचा अधिकार कोणालाही नाही. अल्ब्युमिन व बिलिरुबिनचे अहवाल जिल्हा रुग्णालयांत विश्वासार्ह मिळावेत आणि त्यांवरून यकृताची श्रेणी काढून देण्याची पद्धत पडावी, याला फारसा पैसा लागत नाही.

आणि सर्वांत मोलाचे भाकीत तर कर्करोग होण्याच्या कित्येक वर्षे आधीच रक्तात लिहिलेले असते. तैवानमधील २२,७०७ पुरुषांच्या पाहणीत 'ब' काविळीचे विषाणू बाळगणाऱ्यांना या कर्करोगाचा धोका इतरांच्या २२३ पट असल्याचे १९८१ मध्ये दिसून आले. तेथील शासनाने १९८४ मध्ये नवजात बालकांना लस टोचण्यास आरंभ केला आणि पुढे बालकांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण लाखास ०.७० वरून ०.३६ वर उतरले. भारतात ही लस देशभर लागू होण्यास २०११ साल उजाडले, आणि 'ब' व 'क' काविळीचे मोफत निदान व उपचार देणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला. हा विलंब भरून काढणे शासनाच्या व समाजाच्या हाती आहे. जन्मतःच लस मिळालेल्या, विषाणूची वेळीच तपासणी झालेल्या माणसांना पुढे आपल्या आयुष्याचे महिने मोजून घेण्याची पाळीच येणार नाही. पेरणीपूर्वी कळलेला पावसाचा अंदाज तो हाच.