जोडीची उलगड

बंगळूर शहरातील चामराजपेट ही वसाहत १८९२ साली वसविण्यात आली. तेथील मुख्य रस्त्यांना क्रमांक आहेत आणि त्यांना छेदणाऱ्या आडरस्त्यांनाही क्रमांक आहेत. समजा, एखादा पत्ता (३, ४) असा लिहिला. म्हणजे तिसरा मुख्य रस्ता, चौथा आडरस्ता. या अंकांची अदलाबदल झाली, तर पत्र भलत्याच दारी जाईल. ज्या समूहात प्रत्येक घटकाचा अर्थ त्याच्या स्थानावरून ठरतो, त्यास संगणकशास्त्रात 'टपल' म्हणतात.

हास्केलसारख्या फलनप्रधान संगणकभाषेत एकदाच लागणाऱ्या लहानशा फलनास नाव द्यावे लागत नाही. अशा अनामिक फलनाचे मूळ अलोन्झो चर्च या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या दशकात मांडलेल्या लॅम्डा-कलनात आहे. आता पत्त्यांच्या यादीतील प्रत्येक जोडीपासून पाकिटावरील मजकूर तयार करावयाचा आहे, असे धरू. संपूर्ण जोडीस 'ज' हे एकच नाव दिले, तर 'ज'मधील पहिला, 'ज'मधील दुसरा, असे पुनःपुन्हा म्हणावे लागते. त्याऐवजी फलनाच्या आरंभीच (मुख्य, आडवा) असा साचा लिहिला, की ३ हा अंक 'मुख्य'कडे व ४ हा 'आडवा'कडे जातो. यालाच टपल उलगडणे म्हणतात. मात्र फलनाच्या हाती येते ती एकच वस्तू, म्हणजे जोडी. दोन सुटे अंक दिल्यास ते चालत नाहीत.

चामराजपेटेतच श्री चामराजेंद्र संस्कृत महाविद्यालय आहे. संस्कृताच्या अभ्यासकांना ही जुळणी अपरिचित वाटणार नाही. दोन सूचींतील घटकांची संख्या समान असेल, तर त्यांचा संबंध क्रमाने लावावा, असा नियम पाणिनीने घालून दिला आहे. त्यानुसार इ, उ, ऋ, ऌ यांच्या जागी भिन्न स्वर पुढे असता अनुक्रमे य्, व्, र्, ल् येतात. म्हणूनच 'इति' आणि 'आदि' मिळून 'इत्यादि' होते, तर 'सु' आणि 'आगत' मिळून 'स्वागत'.

संख्येची अट हास्केलही पाळते. जोडीच्या साच्यास तीन घटकांचे टपल दिले, तर आज्ञावली चालण्यापूर्वीच चूक दाखविली जाते. क्रमाची चूक मात्र निसटते. कारण दोन्ही घटक अंकच असतात. मुख्य रस्त्याचा क्रमांक व आडरस्त्याचा क्रमांक हे दोन भिन्न प्रकार म्हणून घोषित केले, तर तीही वेळीच पकडली जाते आणि पत्र योग्य दारी पोहोचते.